गंगामायच्या कोंबड्या

कोंबडीच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. भाकर माझी आजही एका कडेनं जाड होते, शिवणकाम तर हाताला कधी बसलंच नाही, पण कोंबडी आज अंडं देणार की नाही हे मी ती काखेत धरल्याबरोबर सांगते. ही विद्या मला बारा-तेरा वर्षांची असताना आली, आणि एकदा आमच्या घरची अब्रू तिच्यावरच टांगलेली होती. तेच सांगायला बसले आहे. पण आधी घर सांगते, नाहीतर तुम्हाला त्या बिचाऱ्या कोंबड्या कुठं येऊन पडल्या ते कळायचं नाही.

मंगरूळला दर्ग्याच्या मागं उतारावर आमचं कुडाचं घर होतं. पुढं अंगण, मागं बोळकांडीएवढी वाडी, तिच्यात एक शेवगा आणि कोंबड्यांचं खुराडं. आम्ही पिंजारी. लोकांचा कापूस पिंजून गाद्या-रजया भरून देणं हा अब्बांचा धंदा. त्यांची पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, त्यांच्याहून उंच होती, मागच्या पडवीत आढ्याला टांगलेली. तिच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या आतड्याच्या दोरीवर, लाकडी मोगरीचा ठोका बसला की ढँव असा जाड आवाज निघायचा आणि त्याच्या मागं बारीक शिट्टीसारखं काहीतरी लांबत जायचं. शेजारणी म्हणायच्या की तुमच्याकडे दिवसभर कोणीतरी भलामोठा भुंगा बांधून ठेवला आहे. मला मात्र तो आवाज थांबला की झोप यायची नाही. आणि कापूस तर काय विचारता! पापण्यांवर कापूस, तुरीच्या वरणावर कापूस, अम्माच्या पानाच्या विड्यात कापूस. आमच्याकडे पाहुणा आला की आधी शिंकायचा आणि मग सलाम करायचा.

अम्मा, म्हणजे माझी आई हलिमा, ही फार मानी बाई. घरात कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा असला तरी दारात आलेल्या माणसाला ती रिकाम्या हातानं परत पाठवायची नाही. काही नसलं तर शेवग्याच्या चार शेंगा, तेही नसलं तर रजईला घालायला मूठभर घरचीच पिंजलेली रुई, पण हातात काहीतरी द्यायचीच. अब्बा हसून म्हणायचे, हिच्या दारात चोर आला तरी ही त्याला काहीतरी बांधून देईल. (आमच्या घरची बोली अर्धी उर्दू आणि अर्धी वऱ्हाडी अशी खिचडी होती. मी इथं सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीतच लिहिते. अक्षरं मी सामानाच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले, तेव्हा चूकभूल झाली तर पुडीवाल्याला बोल लावा.)

आमच्या स्वतःच्या चार कोंबड्या होत्या, पांढऱ्या, पांढरी अंडी देणाऱ्या. पिंजणीच्या आवाजातच त्या अंड्यातून बाहेर आल्या होत्या, त्यामुळे अब्बांचा ठोका सुरू झाला तरी मान वळवून बघायच्या नाहीत. सकाळी खुराडं उघडायच्या आधी एकेक कोंबडी काखेत धरून, करंगळीला तेल लावून, आत अंडं आहे का ते चाचपायचं ही माझ्याकडची कामगिरी. अंडं टणक हाताला लागलं की ती कोंबडी डालग्याखाली झाकून ठेवायची, नाहीतर बाई शेजारच्या कुंपणात जाऊन अंडं टाकून यायची. आणि दोन बोटं मागच्या दोन हाडांच्या मध्ये ठेवून पाहायची. अंड्यावरची कोंबडी असेल तर ती हाडं सैल, दोन बोटं आरामात मावतात. अंडं बंद असेल तर एक बोटही जात नाही. आळीतल्या बायका मला हाका मारून न्यायच्या. कोणी मला डॉक्टरीण म्हणायच्या, कोणी अजून काही म्हणायच्या, ते लिहिण्यासारखं नाही.

आता गंगामाय. ही शेलूबाजारच्या अलीकडच्या एका खेड्यातली कुणबीण. नवरा गेल्यावर शेती हिनंच सांभाळली, पायात पुरुषाच्या वहाणा घालायची आणि बैलांशीसुद्धा नावं घेऊन भांडायची. अब्बांना त्या गावात पहिल्यांदा काम हिनंच दिलं. पिंजाऱ्याचं असं असतं बघा, कापूस पिंजला की डोंगराएवढा फुगतो. त्यातला मूठभर कोणी काढून घेतला तर मालकाला कळायचं नाही. म्हणून लोक पिंजाऱ्याकडे कायम संशयानं बघतात, अंगणात बसवून समोर म्हातारी राखणीला ठेवतात. गंगामायनं अब्बांना एकटं सोडलं आणि गावाला सांगितलं, हा माणूस बोंडभर घेणार नाही. त्या एका शब्दावर आमचा सगळा हिवाळा निघायचा. गावातली दारं एका मागून एक उघडत गेली.

तिच्याकडे कोंबड्या पुष्कळ, पण ती त्या एका घरी ठेवायची नाही. मानमोडीचा रोग आला की खुराडंच्या खुराडं एका दिवसात आडवं होतं, म्हणून ती चार गावांत चार घरी कोंबड्या बटईनं द्यायची. बटई म्हणजे कोंबडी तिची, दाणा-राखण तुमची, अंडी आणि पिल्लं निम्मी निम्मी. एका सुगीत तिनं अम्मालाही पाच कोंबड्या द्यायचं ठरवलं. अम्मा तीन दिवस आनंदात होती. कोंबड्यांपेक्षा त्यामागचा विश्वास तिला मोठा वाटला.

बैलगाडीतून दोन डालग्यांत त्या पाच जणी आल्या. तांबड्या, बोडक्या मानेच्या, दिसायला काही सुंदर नव्हेत, पण अंड्याच्या खमक्या. अंडीही त्यांची तांबूस, विटकरीकडे झुकणारी. खडखडत्या वाटेनं येऊन त्या अशा भेदरल्या होत्या की डालगं उचललं तरी बाहेर पडेनात. त्यात आमच्या पांढऱ्या चौघींनी त्यांना बघितलं. तुम्ही म्हणाल कोंबड्याच त्या, पण सांगते, दोन सासवांनी एका चुलीसाठी केलं नसेल असं भांडण त्या चौघींनी उभं केलं. दाण्याजवळ येऊ देईनात, डोक्यावर टोचून टोचून तांबड्यांना वाडीच्या भिंतीवर चढवून ठेवलं. आणि तेवढ्यात पडवीत अब्बांनी पिंजणीवर ठोका मारला. पाची जणी एकदम उडाल्या. एक तर शेवग्यावर जाऊन बसली आणि संध्याकाळी मलाच चढून काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचींना चाचपलं. एकीच्या पोटात होतं, तेही मऊ, कवच न धरलेलं. ते तिनं वाडीतच टाकलं आणि आमच्या पांढरीनं फोडून खाल्लं. त्यानंतर काही नाही. चार दिवस नाही, आठ दिवस नाही, पंधरा दिवस नाही. तुरे फिके पडले, मानेची होती नव्हती ती पिसंही गळायला लागली. माझ्या बोटाला रोज एकच उत्तर. मी अम्माला रोज सांगायची आणि अम्मा रोज दाणा वाढवायची. स्वतःच्या भाकरीतला चतकोर कुस्करून त्यांच्यापुढं टाकायची. तिला एकच खात होतं. ती म्हणायची, त्या घरी या अंडे देत होत्या, आपल्या घरी आल्या आणि थांबल्या, म्हणजे लोक काय म्हणतीन, पिंजाऱ्याच्या घरी कोंबडीलेही पोटभर भेटत नाई.

माझा नातू आता शेलूबाजारच्या रस्त्याला कोंबड्या पाळतो. त्याच्याकडे औषधाचा माणूस येतो, तो सांगतो की जागा बदलली, सोबतीण बदलली, आवाज बदलला की कोंबडी धसका घेते आणि अंडं थांबवते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे सांगायला तो मोटारसायकलवर येतो. मी खाटेवरून ऐकते आणि गप्प राहते, कारण बोलायला लागले तर त्याचा धंदा बसेल.

अब्बा अम्माला एवढंच म्हणाले की गंगामायला खरं सांगून टाक, ती काही परकी नाही. आणि ते जऊळक्याकडे चार दिवसांच्या कामावर निघून गेले. त्याच दिवशी गाडीवानाबरोबर गंगामायचा निरोप आला की माझी एक कोंबडी खुडूक बसली आहे, तिच्याखाली ठेवायला अंडी हवीत, बाजाराच्या दिवशी मी येते, माझ्या वाट्याची काढून ठेवा.

दुपारी अम्मानं पानदान उघडलं, कात काढला, पाण्यात उकळला आणि पाणी निवल्यावर मला म्हणाली, आपल्या पांढऱ्यांची अंडी आण. मी आठ अंडी आणली. ती कशासाठी ते मला कळलं होतं. एकेक अंडं मीच त्या पाण्यात बुडवलं, फिरवलं, रुईच्या पेळूनं टिपलं आणि सावलीत वाळवलं. रंग इतका बेमालूम आला की मला, खरं सांगते, त्या वेळी आमच्या हुशारीचं कौतुकच वाटलं. चोर दुसऱ्याचं घेतो. आम्ही स्वतःच्या घरचं देत होतो. मग यात वाईट ते काय, असा माझा हिशेब.

बाजाराच्या दिवशी गंगामाय आली, ऊन चांगलं चढलं होतं. अब्बाही सकाळीच परतले होते आणि अंगणात पिंजणीची तात बदलत बसले होते. अम्मानं अंड्यांची टोपली पुढं ठेवली. आता कोंबडीखाली उबवायला ठेवायचं अंडं कोणी न पुसता, न बघता घेत नाही. गंगामायनं पदराचा कोपरा सोबत आणलेल्या तांब्यात भिजवला, पहिलं अंडं पुसलं आणि उन्हाकडे धरायला उचललं. पदराला तांबूस डाग लागला होता. तिनं दुसरं पुसलं. तिसरं पुसलं. तिसऱ्या अंड्याला तर पांढरी खिडकीच पडली. मी चुलीजवळून बघत होते.

"हलिमे," ती म्हणाली, आवाज न चढवता, "अंड्याले रंग कायले देल्ला व?"

अम्मा खाली बघत राहिली.

"मले तू सांग, हे माह्या कोंबड्यायचे नाई, तं माहे कुठी गेले? पाच कोंबड्या, वीस दिवस."

गंगामायनं अंडी परत टोपलीत ठेवली, एकेक करून, फुटू न देता. मग अब्बांकडे वळली आणि जे बोलली ते ऐकून अब्बांच्या हातातली तात सुटून गुंडाळली गेली.

"पिंजारीदादा, उद्या गाडी पाठवीन, कोंबड्या देऊन टाकजा. आन गावात येऊ नका या साली. म्या कोन्या तोंडानं लोकायले सांगू, का याच्या हाती कापूस द्या मनून?"

अब्बांना तर रंगाचं काहीच माहीत नव्हतं. ते अम्माकडे बघत होते, अम्मा जमिनीकडे. मला वाटतं त्या वेळी अम्मा मेली असती पण बोलली नसती. गंगामायला खरं सांगावं तर परक्या बाईपुढं आईला खोटं पाडावं लागणार होतं, आणि न सांगावं तर बाप चोर ठरणार होता. मी चुलीजवळून उठले.

"गंगामाय, त्या अंडे देतच नाई. आल्या तवा एकीनं एक कच्चं टाकलं, मंग कोनीच नाई देल्लं. हे आमच्या पांढऱ्यायचे हायत. काताच्या पान्यात म्या बुडवले."

"तू?"

"म्या."

"काहून व पोट्टे?"

"तुमी रिकाम्या टोपलीनं जाऊ नये मनून."

गंगामायनं माझ्याकडे, मग अम्माकडे बघितलं. म्हणाली, जागा बदलली का कोंबडी थांबते हे मले ठावं नाई काय, चार गावात माह्या कोंबड्या फिरतात. पण थांबते तर आठ दिवस थांबते, वीस दिवस नाही. आणि ज्यानं अंडं रंगवलं त्याचं तोंडी कसं ऐकू? हे तिचं म्हणणं वाजवी होतं. त्यावर मीही तिला वाजवी तेच सांगितलं, की माझं ऐकू नका, तुमच्या बोटाचं ऐका. आता कोंबड्या मोकळ्या आहेत, आत्ता बघितलं तर तुम्ही म्हणाल आजचं टाकून झालं असेल, म्हणून आज राहा, खुराड्याला तुमच्या हातानं खुंटी लावा आणि सकाळी तुमच्याच हातानं काढा.

बारा-तेरा वर्षांची मुलगी गंगामायला राहा म्हणते, आणि तेही पिंजाऱ्याच्या घरी. त्या काळी ती गोष्ट काही लहान नव्हती. पण तिला खोडी होती, पैजेपुढं तिचं काही चालायचं नाही. तिनं गाडीवानाला पाठवून दिलं. खुराड्याला खुंटी लावली आणि वरून आपल्या लुगड्याची चिंधी बांधून गाठ मारली. जेवली ती पदरची भाकर, पाणी प्यायली ते तिच्या तांब्यातलं, पण झोपली मात्र अब्बांनी नव्यानं भरलेल्या गादीवर, आणि सकाळी उठल्या उठल्या म्हणाली की या गादीवर झोपलं तर म्हशीलेही उठावं वाटणार नाई. त्यावर घरात कोणी हसलं नाही.

उजाडताच तिनं गाठ सोडली. पहिली कोंबडी काखेत घेतली, करंगळीनं बघितलं, मग दोन बोटं हाडांत ठेवून बघितलं. खाली सोडली. दुसरी, तिसरी. चौथीच्या हाडांवर तिनं बोट बराच वेळ ठेवलं, जणू तिला दुसरं काही सापडायला हवं होतं. पाचवीला सोडून ती तिथंच खुराड्याजवळ मातीत बसली. वाडीत गळून पडलेली तांबडी पिसं तिनं उचलून बोटांत फिरवली.

"कोऱ्या हायत," ती म्हणाली. "हाडं बंद झाले. हे काई काल-परवाचं नाई." मग मला विचारलं, "तुले कवापासून ठावं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मंग निरोप काहून नाई धाडला?"

मी अम्माकडे बघितलं. तेवढ्यानं गंगामायला कळलं. ती उठली, लुगडं झटकलं आणि अम्मापुढं जाऊन उभी राहिली.

"हलिमे, तू चोरी नाई केली. हे मी गावात बोंबलून सांगीन. पन खोटं केलं. मले रिकामी टोपली चालली असती."

तेव्हा अम्मा पहिल्यांदा बोलली. "तुमी आमच्या घरी आल्ता, गंगामाय. रिकामं कसं पाठवू?"

मग गंगामाय अब्बांना म्हणाली की कापसाचा वेचा संपला की यावं, दोन रजया नव्यानं भरायच्या आहेत. कोंबड्या मात्र तिनं नेल्या नाहीत. आता परत गाडीत घातल्या तर पुन्हा पहिल्यापासून धसका घेतील, असं तिचं म्हणणं पडलं. पण जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली की आजपासून या कोंबड्यांचं बोलणं मी या पोट्टीशी करीन, दुसऱ्या कोणाशी नाही.

तो शब्द अम्माला लागला. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. भाकर टोपल्यात टाकायची, पण माझ्या ताटात वाढायची नाही. मी घेऊन खायची. आज मला वाटतं की तिचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, आणि अशा वेळी घरात दोघी बरोबर असल्या की फार शांतता पसरते.

मी कामाला लागले. अब्बांना विनवून पिंजण मागच्या पडवीतून पुढच्या अंगणात आणवली, मध्ये आवाज अडवायला दोन गोणपाटं टांगली. पांढऱ्यांना आणि तांबड्यांना दाणा दोन टोकांना टाकायला लागले. रात्री सगळ्या झोपेत असताना तांबड्यांना उचलून पांढऱ्यांच्या मधोमध दांडीवर बसवायची. सकाळी उठून शेजारीण तीच बघितली की कोंबडीला वाटतं ही कालही इथंच होती. दोन टोपल्यांत टाकाऊ रुई भरून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवल्या. कोणी मला हे शिकवलं नव्हतं. आठ-दहा दिवसांत भांडणं थंडावली. तुरे लाल व्हायला लागले. एका सकाळी एकीच्या हाडांत एक बोट गेलं, चार दिवसांनी दीड, आणि मग एक दिवस मी पाणी भरून आले तर अम्मा कोपऱ्यातल्या टोपलीपुढं उकिडवी बसलेली. आत एक अंडं, तांबूस, अजून ओलसर. तिनं त्याला हात लावला नव्हता. कावळ्यापासून राखण करत नुसती बसली होती.

"तुह्या जबानीचं चीज झालं," ती म्हणाली. "तू उचल."

मी उचललं आणि तिच्याच हातात दिलं. तिनं ते पदरात घेतलं आणि त्या दिवशी भाकर माझ्या ताटात वाढली.

दुसऱ्याच दिवशी बाजार होता. गंगामाय आली, तिच्या हातात तीच मोठी टोपली. मी पुढं होणार तेवढ्यात अम्मानं मला मागं सारलं. फडताळातून ते अंडं काढलं आणि त्या एवढ्या मोठ्या टोपलीच्या मधोमध नेऊन ठेवलं. शेवग्याला शेंगा लागल्या होत्या, पडवीत रुईचा ढीग होता, पण तिनं त्यातलं काही घेतलं नाही. गंगामायच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली,

"एकच हाय, गंगामाय."